जाळीकाकांची मच्छरदाणी

नाटकाचे दौरे संपल्यावर मी काही वर्षं एका भाजीमळ्याशेजारी राहिलो. तिथल्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळे जाळीकाका म्हणत. मिरची-टोमॅटोच्या कोवळ्या रोपांवर ते अशी बारीक जाळी ताणत की किडीला बाहेरच ताटकळावं लागे. मोठमोठ्या नटांचे हात मी जवळून पाहिलेत, पण एवढी ऐट क्वचितच दिसली. प्रत्येक नव्या पेरणीआधी ते जाळी उकळत्या पाण्यात सोडा घालून धूत आणि कडक उन्हात वाळवत. आधीच्या रोपांचा रोग नव्यांना लागू नये, एवढंच त्यांना ठाऊक.

मजुरांच्या चाळीतली शेवटची खोली त्यांची. एक खाट, एक स्टोव्ह, दोन कप. बायको गेल्यापासून दुसरा कप उपडाच. संध्याकाळी ओट्यावर पत्त्यांचा डाव पडे. काका जवळ जाऊन बसत, पण पानं वाटताना त्यांना धरायचं लोक विसरत, आणि काकाही आठवण करून देत नसत.

मळ्याला कालव्याचं पाणी, त्यामुळे डास उदंड. आदल्या वर्षी त्यांची लेक दोन दिवस राहायला आली आणि हिवताप घेऊन गेली. त्यानंतर तिने इकडे पाऊल टाकलं नव्हतं. नात सात महिन्यांची झाली तरी आजोबांनी तिला फोनवरच पाहिलेली.

मग एके दिवशी नर्सबाई मजुरांना मच्छरदाण्या वाटायला आल्या. त्या कशा वापरायच्या हे सांगत होत्या, तेवढ्यात काका पाण्याची मोटर बंद करायला धावले. परतल्यावर आपल्या मच्छरदाणीचं पाकीट काखोटीला मारून त्यांनी आधी लेकीला फोन लावला.

"औषधाची मच्छरदाणी मिळालीय. आता तरी ये."

"खरंच लावाल ना, बाबा? तुम्ही स्वतः कधी झोपलात मच्छरदाणीत?"

"मला कशाला डास चावतील? माझं रक्त आंबट आहे."

ती हसली. "शनिवारी येते. आठ दिवस राहीन."

पाकीट उघडलं तर उग्र वास. तान्ह्या पोरीला असल्या वासात निजवायचं? काकांनी चुलाणावर पाणी चढवलं. तीनदा सोडा, तीनदा ऊन.

कुंपणावर वाळत घातलेली मच्छरदाणी पाहून मुकादम थबकला. "काय काका, तुमचा सदरा कधी असा पांढराशुभ्र दिसला नाही!"

"सदऱ्यात माझी नात निजणार नाहीये."

शनिवारी लेक आली. नात मच्छरदाणीत पालथी पडून हात मारत होती आणि काका बाहेरून बोटं नाचवत होते. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी एरवी पाहिला नाही. तेवढ्यात फेरीवर आलेल्या नर्सबाई दारात थांबल्या. त्यांनी जाळी चिमटीत धरली, हुंगली.

"काका, ही धुतलीत?"

"अगदी उकळून!"

"अहो, औषध उतरलं ना त्याने. आता हे नुसतं कापड. पोरीचा हात जाळीला टेकला की डास बाहेरूनच चावेल."

"मग दुसरी द्या ना, बाई."

"सगळ्या वाटल्या. नव्या यायला महिना लागेल."

लेकीने पोरीला उचललं, दुपट्याची घडी केली. काका म्हणाले, "मी कडेने वाळूच्या पिशव्या लावतो, आत काठ्यांची चौकट करतो, हात टेकणारच नाही—"

"बाबा, मी तो ताप भोगलाय. हिला नाही झेपायचा."

चारच्या एसटीने ती गेली. काका थांब्यावरून थेट रोपवाटिकेत आले आणि अंधार पडेपर्यंत रोपांना पाणी देत राहिले. मी गेलो, तर म्हणाले, "एवढी वर्षं जाळ्याच धुतल्या हो मी."

महिन्याने नवी मच्छरदाणी आली. या वेळी नर्सबाईंचा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला. एक दिवस सावलीत पसरली, मग खाटेवर टांगली. फोन लावला तेव्हा मी तिथेच होतो.

"नवी आली गं. धुतली नाही."

"बरं झालं, बाबा. पण आता माझी नोकरी सुरू झाली. सुट्टी मिळणं कठीण आहे. तुम्ही झोपा त्यात. झोपाल ना?"

"झोपतो."

त्यांनी फोन खिशात ठेवला, चपला काढल्या, आत शिरले आणि कडा गादीखाली खोचल्या. जाळीपलीकडून त्यांचा चेहरा मला नीट दिसेना.

"दार लोटून घ्या जाताना," ते म्हणाले.