उष्ट्या पत्रावळी

वहिनी गेल्याची तार आली तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. सोलापूरहून गावी, केमला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याला महिना झाला. एक गोष्ट मात्र माझा पिच्छा सोडत नाही... ती लिहूनच टाकतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. बहात्तरच्या दुष्काळात आमची जनावरं विकावी लागली, उरली एक गाय. तिचं शेण चुलीच्या गोवऱ्यांनाच पुरेना, मग रानाला खत कुठलं? ग्रामसेवकानं गावात येऊन कंपोस्टचा खड्डा कसा भरायचा ते दाखवलं. पुरुषांनी माना डोलावल्या आणि घरी गेले. वहिनीनं दुसऱ्याच दिवशी बांधालगत खड्डा खणायला घेतला. पाचोळा, राख, घरचा केर, वर शेणकाल्याचा शिडकावा आणि मातीचा थर. तरी खड्डा भरेना, तेव्हा तिची नजर लग्नाच्या पंगतींवर गेली. पंगत उठली की ही पदर खोचून उष्ट्या पत्रावळी पाटीत गोळा करायची. बायका पदराआड हसायच्या. आई तर अंघोळ केल्याशिवाय तिला चुलीपाशी येऊ देत नसे. वहिनी म्हणायची, "जमिनीला कुटं कळतंय, कुनाचं उष्टं ते?" आणि आमची ज्वारी खरोखरच सुधारली.

माझं लग्न सोलापूरला शुक्रवार पेठेत, मुलीच्या दारात झालं. पहिली पंगत उठली आणि बघतो तर वहिनी नवं इरकली लुगडं खोचून पाटी शोधतेय. समोर सासरे उभे. मुंडावळ्या सावरत मी तिच्यापाशी गेलो आणि दात-ओठ खात म्हणालो, "वहिनी, आज तरी आमची लाज राखा." तिनं खोचलेला पदर सोडला, डोक्यावर घेतला आणि बायकांत जाऊन बसली. परतीच्या गाडीत माझ्याशी हसली, बोललीसुद्धा. मलाच तिच्याकडे बघवेना.

गेल्या दिवाळीत ती अंथरुणाला खिळली होती. मी धीर करून म्हटलं, "वहिनी, लग्नात मी तुम्हाला टाकून बोललो. चुकलं माझं."

ती आढ्याकडे बघत म्हणाली, "व्हय की भावजी, लई चुकलं. तीन पंगतींच्या पत्रावळ्या वाया गेल्या. निम्मा खड्डा भरला असता माजा!"

आम्ही दोघंही हसलो. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! मी निवांत मनानं सोलापूरला परतलो.

तेराव्याला दादा ओसरीवर बसल्या बसल्या सहज बोलून गेला, "तुज्या लग्नापास्नं तिनं कुटल्याच पंगतीत पाटी न्हेली न्हाय बग. इचारलं, तर म्हनायची, धाकल्या भावजीस्नी त्ये बरं वाटत न्हाय."