एकच हाक

आई जेवायला बोलवायची ती तीनदा. "बाय गो, जेवूक ये!" पहिली हाक साधी, दुसरी चढ्या आवाजात, तिसरीत चक्क राग. कशाला तीनदा ओरडतेस, असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं, "एका हाकेक ओ देऊ नको. भूत एकदाच हाक मारता, माणूस तीनदा." मालवणहून भांडुपला येऊन तिला तीस वर्षं झाली होती, तरी तिची ही समजूत काही सुटली नव्हती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्हाला दहा मिनिटांची फिल्म करायची होती. मी भुताची गोष्ट निवडली आणि आईची समजूत तिच्यात घातली. घरात एकटी मुलगी आणि आईच्या आवाजात आलेली एकच हाक, एवढीच कथा. साउंडचं काम घाटकोपरच्या माझ्या मैत्रिणीकडे होतं. भर दुपारी आम्ही आमच्याच घराच्या खिडक्यांना काळे चार्टपेपर चिकटवले आणि शेजारच्या कुकरची शिट्टी आत येऊ नये म्हणून दारावर गोधड्या टांगल्या. कॅमेरा जमिनीलगत ठेवला. तिथून रोजचा दरवाजासुद्धा उंच आणि परका दिसतो. मुलीला फ्रेमच्या कडेला उभं केलं. उरलेल्या मोकळ्या जागेत काय येईल, याची धास्ती बघणारा आपली आपणच घेतो. एवढी अक्कल मला होती, आणि तिचा भलताच माज होता.

आईने स्वयंपाकघरातून हाका मारल्या, सवयीने तीन. मैत्रीण म्हणाली, "यार, पहिलीच झकास आहे. बाकीच्या दोन उडव ना." मी उडवल्या. पहिलीचा वेग कमी केला, सूर खाली ओढला, घुमारा चढवला. तिच्या आधी पंख्याची घरघरही काढून आठ सेकंद निव्वळ शांतता ठेवली. डिस्कवर जागा उरली नव्हती, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

फिल्म दाखवली त्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसून कॉलेजात आली. हाक आली आणि अख्खा हॉल किंचाळला, मग टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या. परत येताना रिक्षात तिने हळूच विचारलं, "माझो आवाज असो आसा काय गो?"

"आई, ते एडिटिंग असतं. तुला नाही कळणार," मी म्हणाले आणि मोबाईलवर आलेली अभिनंदनं वाचत बसले.

फिल्म मी बिल्डिंगच्या ग्रुपवरही टाकली. दोन दिवसांनी आईने गॅलरीतून मला हाक मारली, तशी खाली खेळणारी पोरं "भूत, भूत!" करत पळत सुटली. याच पोरांच्या हातावर ती रोज काही ना काही खाऊ ठेवायची. मी खालीच उभी होते. मला हसू आलं, आणि ते तिने वरून पाहिलं.

त्यानंतर आईने मला हाक मारली नाही. जेवायचं झालं की मिस्ड कॉल द्यायची, नाहीतर येऊन खांद्याला हात लावायची. मी व्हिडिओ काढायला लागले की तोंडावर पदर घ्यायची. "नको गो, परत माका भूत करतलंस." मी ते थट्टेवारी नेलं. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं, तेही वर्षानुवर्षं जमलं नाही. याची मला लाज वाटते.

गेल्या वर्षी आई गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत; व्हिडिओंत ती गप्प आहे. परवा मी लॅपटॉपवर ती जुनी फिल्म उघडली. वेग वाढवला, सूर वर घेतला, घुमारा जेवढा निघाला तेवढा काढला. पुरता निघाला नाही. तरी आवाज तिचाच आला, टाकीच्या तळातून यावा तसा बारीक. "बाय गो, जेवूक ये!"

मी सवयीने दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. मग आठवलं, ती मीच कापली होती.

एका हाकेला ओ द्यायची नसते. मी दिली.