स्विच बदलला ती दुपार

दवाखान्यातली सर्व्हर रूम सीटी स्कॅनच्या खोलीला लागून होती. बाहेर मे महिन्याचं गोंदिया आणि आत अशी थंडी, की मी पिशवीत स्वेटर घेऊन जायचे. आई रोज विचारायची, "एवढ्या उन्हात सोटर कायले नेऊन राहिली?" मशीनला गरम होतं म्हणून, असं मी सांगायचे. मग ती म्हणायची, "गरम तिले होते, अन् सोटर तू घालते?"

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं प्रशिक्षण तिथे होतं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे मी दिवसभर काय करते ते सांगायला घरात शब्द नव्हते. खरं तर माझ्याकडेही नव्हते. पेपरात मी स्टोरेज नेटवर्कवर दोन पानं लिहून आले होते, पण खरा स्विच पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात आलं, एवढासाच? चपटा डबा, समोर बारीक खिडक्यांची रांग, प्रत्येक खिडकीत दोऱ्याएवढी तार आणि वर हिरवा ठिपका.

ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्या इंजिनिअर मॅडम नागपूरहून यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तारेच्या टोकाला डोळा लावायचा नाही. आत उजेड आहे, पण तो आपल्याला दिसत नाही." त्या दिवसापासून मी त्या तारांकडे जरा दबकूनच पाहायचे. पेशंटच्या सगळ्या नोंदी आणि स्कॅनची चित्रं एका मोठ्या पेटीत साठायची, तेच स्टोरेज. डॉक्टरांच्या स्क्रीनवर ती चित्रं पाठवणारे सर्व्हर वेगळे. मध्ये दोन स्विच. प्रत्येक सर्व्हरची एक तार पहिल्या स्विचमध्ये आणि एक दुसऱ्यात, म्हणजे एक वाट बंद पडली तर दुसरी असावी.

त्यातल्या पहिल्या स्विचचा पंखा घरघरायला लागला होता. तो बंद पडण्याआधी बदलायचा होता आणि नवा स्विच आला होता. मॅडमनी दुपारची वेळ ठरवली.

"दवाखाना चालू असताना?" मी विचारलं.

"बंद करून बदलायचा असता तर दोन कशाला घेतले असते?" मॅडम म्हणाल्या. "घाबरतेस काय? चहा पिऊन ये."

मी चहाला बाहेर आले तेव्हा बाकावर दरेकसा गावाहून आलेले एक काका बायकोला घेऊन बसले होते. गळ्यात ओळखपत्र पाहून ते मलाच मोठी कोणी समजत होते. त्यांची बायको आदल्या दिवशी झाडावरून पडली होती. डोक्याला मार लागला होता आणि सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. तिचा स्कॅन काढून झाला होता. आता डॉक्टर चित्रं पाहून सांगणार होते, आत रक्त साचलंय की नाही. साचलं असेल तर लगेच नागपूर.

"बाई, फोटो दिसला का डॉक्टरले?" त्यांनी विचारलं.

"दिसेल काका. येतीलच डॉक्टर."

"कवापासून येऊन राहिले," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, "तुले म्या म्हटलं होतं, झाडावर चढू नको. माकडाची जात नोहे आपली."

"माकड पडत नाही," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "तुमीच चढून पाहा एखादवेळी."

चहा न घेताच मी आत गेले. ज्या चित्रांची ते वाट पाहत होते ती आमच्या तारांमधून जाणार होती, आणि आम्ही त्यातल्या अर्ध्या काढणार होतो.

मॅडमनी लॅपटॉपवर स्विच सांभाळायचं सॉफ्टवेअर उघडलं होतं. त्यात दवाखान्याचा एक नकाशा दिसायचा: मध्ये दोन स्विच, भोवती सर्व्हर, खाली स्टोरेज आणि त्यांना जोडणाऱ्या हिरव्या रेषा. मला तो नकाशा पाहताना दरवेळी काहीतरी व्हायचं. खोलीत मला फक्त डबे आणि तारा दिसायच्या, आणि इथे कोण कोणाशी बोलतंय ते दिसत होतं. सर्व्हरमध्ये तार ज्या कार्डाला लागते त्या प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक लांब नंबर दिलेला असतो, जगात दुसऱ्या कोणाचा नसलेला. तार लावली की कार्ड आपला नंबर सांगून स्विचपाशी हजेरी लावतं. पण हजेरी लावली म्हणून स्टोरेज दिसत नाही. कोणी कोणाला पाहायचं याचे गट आधी ठरवून द्यावे लागतात. त्यांना झोन म्हणतात.

"दुसऱ्या स्विचवर सगळे आहेत ना, बघ. मग मी पहिल्याच्या तारा काढते," मॅडम म्हणाल्या आणि स्क्रू काढायला रॅककडे वळल्या.

दुसऱ्या स्विचवर सगळे ठिपके हिरवे होते. एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण माझे बाबा पाणकर आहेत. बोदलकसा तलावाच्या कालव्याचं पाणी गावात कोणाच्या शेतात कधी सोडायचं ते बघतात. एका पाटाची मोरी बंद करण्याआधी ते दुसऱ्या पाटाच्या कडेने शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत चालत जातात. वर पाट भरलेला दिसत असला तरी जातात. लहानपणी मी त्यांच्यामागून पाय ओढत जायचे आणि कुरकुरायचे. त्या दुपारी मी तेच केलं. एकेक झोन उघडला आणि आत कोण आहे ते शेवटपर्यंत पाहिलं.

स्कॅनची चित्रं पाठवणाऱ्या सर्व्हरच्या झोनमध्ये एक नंबर करडा होता. त्यापुढे लिहिलं होतं, हजर नाही.

मी खिडक्यांकडे पाहिलं. त्या सर्व्हरच्या तारेवर हिरवा ठिपका होता. मग हजर नाही कसं? मला वाटलं, हे असंच असत असेल, आपल्यालाच कळत नसेल. मॅडमचा हात पहिल्या तारेपर्यंत पोचला होता. विचारलं तर हसतील, आणि नाही विचारलं तर? बाहेर काकू डोळे मिटून बसल्या होत्या.

"मॅडम, हा करडा काऊन आहे?"

घाईत घरची बोली आली. मॅडमनी हात मागे घेतला आणि स्क्रीनवर वाकल्या. करडा नंबर आणि तारेवर हजर असलेला नंबर, दोन्ही त्यांनी बोटाने ताडून पाहिले.

"कार्ड बदललंय याचं," त्या हळूच म्हणाल्या. "मागे जळलं होतं. नवं टाकलं, आणि झोनमध्ये जुनाच नंबर राहिला. तार लागलेली आहे, पण या वाटेने त्याला स्टोरेज दिसतच नाही."

म्हणजे तो सर्व्हर इतके दिवस एकाच वाटेवर चालत होता, आणि आम्ही तीच काढणार होतो. मॅडम खुर्चीवर बसल्या, एक मोठा श्वास घेतला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तूच कर. मी बघते."

मी नवा नंबर झोनमध्ये घेतला, जुना काढला. सेव्ह केलं. सेव्ह केल्याने काही बदलत नाही, त्यानंतर ते लागू करावं लागतं. नंबर पुन्हा एकदा ताडून मी लागू करायचं बटण दाबलं. मॅडमनी स्टोरेजवरही नवं कार्ड नोंदवून घेतलं, मग सर्व्हरवर जाऊन पाहिलं: एकाच्या जागी आता दोन वाटा दिसत होत्या. नकाशावर तिथे एक हिरवी रेष उमटली. मी एवढंच केलं होतं, आणि तरी मला ती रेष पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटत होती.

"आता डॉक्टरांच्या दाराशी जा," मॅडम म्हणाल्या. "फोन चालू ठेव. स्क्रीन थांबली तर सांग."

डॉक्टर येऊन बसले होते. दारात काका उभे होते, मी त्यांच्या मागे. डॉक्टर माऊस फिरवत होते आणि काळ्या स्क्रीनवर डोक्याचे काप एकामागून एक सरकत होते, करडे, गोल, आत वळ्यावळ्यांचं काहीतरी. ते काकूंचं डोकं होतं. भिंतीपलीकडच्या पेटीतून, न दिसणाऱ्या उजेडातून ते इथे येत होतं, आणि अर्धं अजून यायचं होतं.

कानात मॅडमचा आवाज आला, "काढली."

चित्र थांबलं.

मी फोन तोंडाजवळ आणला. डॉक्टरांनी माऊस टेबलावर आपटला. "ये माऊस भी ना!" त्यांनी पुन्हा चाक फिरवलं, आणि काप सरकायला लागले. एक, मग दुसरा, मग भराभर, डोक्याच्या माथ्यापर्यंत. चित्रांनी आपली वाट बदलली होती. डॉक्टरांना वाटलं माऊस बिघडलाय. काकांना तर काहीच वाटलं नाही, ते डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. इतकी मोठी गोष्ट घडली आणि त्या खोलीत ती फक्त मला माहीत होती.

"चालू आहे, मॅडम," मी म्हणाले.

डॉक्टर वळले. "अंदर खून नहीं है. घर ले जाओ. गोली देता हूँ, दो दिन आराम. फिर उलटी हुई तो तुरंत आना."

काकांनी दोन्ही हात जोडले आणि ते तसेच जोडलेले ठेवून बाहेर आले. काकूंना म्हणाले, "चाल, काही नाही झालं तुले. संध्याकाळची गाडी भेटते." काकू उठता उठता म्हणाल्या, "मी सांगतच होती." मग काका माझ्याकडे वळले. "बाई, तुमी आतमंदी काय करून राहिले होते सकाळपासून?"

मी विचार केला. "एक तार बदलली, काका."

"एका तारेले एवढा वेळ?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

मी आत आले तेव्हा जुना स्विच फरशीवर ठेवलेला होता. हात लावून पाहिला, अजून गरम होता. रॅकमध्ये त्याच्या जागी नवा बसला होता. मॅडम तारा देत होत्या, मी एकेक खिडकी शोधून लावत होते आणि ठिपके हिरवे होत होते. शेवटचा हिरवा झाल्यावर मॅडमनी बसायला खुर्ची ओढली.

मी म्हणाले, "थांबा मॅडम, आत कोण कोण आहे ते एकदा शेवटपर्यंत बघू?"

"बघ," त्या म्हणाल्या, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.