बेस्तरवारचं पाणी

लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक घराच्या मालकीचा एक वार असतो. आमचा बेस्तरवार होता. शाळेतल्या पाटीवरचा गुरुवार निराळा, तो नुसता लिहायचा आणि पुसायचा. बेस्तरवार आमच्या रानात यायचा. सकाळी विहिरीवरचं इंजिन फटफटायला लागायचं, दंडातून, रानातल्या मातीच्या पाटातून, पाणी चालत यायचं, त्याच्या तोंडाशी वाळकी पानं आणि मुंग्या असायच्या. मी त्या पाण्याच्या पुढं उलटी चालायची, त्याच्याकडं तोंड करून. ते थांबलं की थांबायची. पाणी खड्डा भरून पुन्हा निघालं की मीही निघायची. दिवसभर मी एवढंच करायची. आजही झोप लागायच्या आधी ते पाणी माझ्या पायापर्यंत येतं. मी जागी असते की नसते, सांगता येत नाही.

गाव आमचं येरमाळ्यापासून पायी तासाभराच्या वाटेवर. विहीर बहात्तरच्या दुष्काळात पाडलेली, सात घरांनी मिळून, सोसायटी करून. सात घरं, सात वार; ज्याचा वार त्याचं पाणी. सहा घरांनी पैसे घातले. आमच्याकडं पैसे कुठले? आजा आणि माझे वडील खाली उतरले आणि पाणी लागेपर्यंत खोदत राहिले. त्या मेहनतीचा सातवा वार. आम्ही छप्पनला धम्म घेतलेलं घर. त्याच्या आधी हाच आजा गावविहिरीपासून लांब रिकामं मडकं घेऊन उभा राहायचा. कुणाला दया आली तर पाणी, नाही तर ऊन. त्या माणसाच्या घराला विहिरीचा एक अख्खा दिवस मिळाला होता. माय सांगायची, पहिल्या बेस्तरवारी आजा विहिरीच्या काठावर नुसता बसून राहिला. पाणी रानात न्यायचं सोडून दिवसभर विहिरीत बघत बसला. आजी खूप चिडली होती म्हणे.

सोसायटीचा एकच नियम होता आणि तो मला पाढ्यासारखा पाठ होता. पाडव्याला सातही घरं विहिरीवर जमायची. कारभार बघणारे म्हातारे शेतकरी होते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. ते एकेक वार मोठ्यानं पुकारायचे. "आयतवार कुणाचा?" त्या घरचं माणूस "हाय!" म्हणायचं आणि गाळ काढायची, इंजिनाची वर्षाची वर्गणी पुढं ठेवायचं. तीनदा पुकारून कुणी बोललं नाही, किंवा वर्गणी आली नाही, तर वार मोकळा झाला. मोकळा वार बाकीच्यांनी वाटून घ्यायचा.

मी तिसरीत असताना वडील गवंडीकामाला मस्कतला गेले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. जाताना त्यांना आमची नव्हे, त्या वाराची जास्त काळजी लागली होती, असा माझा त्या वेळचा राग होता. एस.टी.त चढताना मायला म्हणाले, "पाडव्याला तूच हाय म्हन. मोठ्यानं म्हन." आणि मला म्हणाले, "पत्र लिहीत जा. पानी कुठवर गेलं ते लिहीत जा."

तिकडून त्यांची वर्गणी पाडव्याची वाट बघायची नाही. संक्रांतीलाच ड्राफ्ट येऊन पडायचा, दोन-अडीच महिने आधी. नाना हसायचे, "ह्यो गडी समुद्रापल्याड बसून आमच्या आदी पाडवा करतो." गावातल्या गावात राहणाऱ्यांची वर्गणी मात्र आखाड उजाडला तरी निघायची नाही.

ड्राफ्टसोबत पत्र, आणि पत्रात एकच प्रश्न: बेस्तरवारी पाणी कुठवर गेलं? तिथं सगळीकडं समुद्र आहे, पण प्यायचं पाणी टँकरनं येतं, हेही त्यांनी लिहिलं होतं. मायला लिहितावाचता येत नव्हतं. ती बोलायची, मी लिहायची. पाणी मिरच्यांपर्यंत गेलं. पाणी खालच्या बांधापर्यंत गेलं. दोन वर्षं मी खरं तेच लिहिलं.

मग पाऊस हटला. मी सहावीत होते. दिवाळीनंतर विहिरीचा तळ दिसायला लागला, पुढं तळाला भेगा पडल्या. बेस्तरवार यायचा आणि इंजिन गप्प. मला शांतता कशी असते ते त्या वर्षी कळलं. मी तरीही दंडातून उलटी चालायची, पुढं पाणी नसताना. बघणाऱ्याला वाटलं असेल, पोरीला काहीतरी झालंय.

माय एका दुपारी म्हणाली, "लिही. इहीर आटली म्हनावं. औंदा वर्गनी धाडू नका, ज्वारीला पैसं धाडा. पानीच न्हाय तर वर्गनी कशाची?"

मी निळं हवाई पत्र उघडलं. 'तीर्थरूप दादांना सविनय जयभीम' लिहिलं आणि हात थांबला. 'आटली' हा शब्द काही केल्या उतरेना. मला खोटं बोलता येत नाही, आजही येत नाही, लगेच पकडली जाते. पण खोटं लिहिता येतं, हे मला त्या दुपारी समजलं. मी लिहिलं, या बेस्तरवारी खूप पाणी होतं. मिरच्या भिजल्या, कांदा भिजला, आणि पाणी पार लिंबापर्यंत गेलं. लिंबाच्या बुडाशी तळं झालं, त्यात चिमण्या उतरल्या. लिहिताना मला ते सगळं दिसत होतं. चिमण्या पंख झटकत होत्या, माझ्या पत्रावर थेंब पडतात की काय असं वाटत होतं. हा कडुलिंब माझ्या आवडीचा. दादा त्याच्याखाली भाकरी खायचे आणि उरलेला तुकडा मला द्यायचे. म्हणून पाणी तिथंच न्यावंसं वाटलं.

"लिवलं का समदं?" मायनं विचारलं.

"लिवलं," मी म्हणाले. ती मला पकडू शकली नाही, कारण तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती ज्वारीच्या रिकाम्या कणगीकडं बघत होती.

संक्रांतीला ड्राफ्ट आला. पाडव्याची वर्गणी, आगाऊ, नेहमीसारखी. ज्वारीसाठी काही नाही. माय कपाळाला हात लावून बसली. "एवढं कळवूनबी ह्या मानसाचं डोस्कं फिरलंय का?" ती दादांना बोलत होती आणि ते सगळं माझ्या अंगावर येत होतं. घरात रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी होती, तीही मोजून. माझ्या चिमण्यांनी आमची ज्वारी खाल्ली, असं मला स्पष्ट वाटलं. तरी मी तोंड उघडलं नाही. इतकी भित्री मी पुन्हा कधीच झाले नाही.

माय म्हणाली, ही वर्गणी मोडून ज्वारी आणते. दोन दिवस ड्राफ्ट हातात घेऊन हिंडली. तिसऱ्या दिवशी कळंबच्या बँकेत जाऊन पैसे आणले आणि थेट डब्यात ठेवून दिले. का ठेवले, ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं, तिला काठावर बसलेला आजा दिसला असणार.

पाडव्याला कोरड्या विहिरीवर सात घरं जमली. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. नानांनी पुकारलं, "आयतवार कुणाचा?" उत्तर आलं, "हाय, पर वर्गनी पानी आल्यावर." सोमवारही तसाच. मंगळवार, बुधवारही. मग नाना म्हणाले, "बेस्तरवार कुणाचा?"

शनिवारचा माणूस मध्येच बोलला, "मालक हितं न्हाय. परमुलखातल्या मानसाला वार कशाला? मोकळा करा."

माय उठली. तिचा आवाज मी तेवढा मोठा कधी ऐकला नव्हता. "हाय!" म्हणाली आणि पैसे दगडावर ठेवले.

नानांनी ते पैसे मोजले. मग म्हणाले, "नेम सांगतो. ज्याची वर्गनी, त्याचा वार. आज एकच वार भरलाय. म्हंजी आता आठवडाभर बेस्तरवारच म्हनायचा का?"

आधी कुणी हसलं नाही. मग बुधवारचे काका हसले, मग सगळेच. शनिवारचा माणूस सोडून. त्या हसण्यातच एकेकाचा हात खिशाकडं गेला; कुणी अर्धी दिली, कुणी ज्वारी कबूल केली, कुणी दोन गडी. त्यातून गाळ निघाला, तळाला सुरुंग लागले, आणि विहीर एक परस, म्हणजे पुरुषभर, खाली गेली. पाणी लागलं, गुडघाभर. इंजिनाला पुरेल इतकं नव्हतं, घागरीला पुरायचं. प्रत्येक वाराला आठ-दहा घागरी.

वैशाखात दादा रजेवर आले. काळे झाले होते, अंगाला अनोळखी साबणाचा वास होता. मी त्यांच्यासमोर जायचं टाळत होते. लिंबाखालचं तळं त्यांना कुठून दाखवू? बेस्तरवारी सकाळी मात्र म्हणाले, "चल रानात." माय मागं राहिली. मी त्यांच्यामागून निघाले.

ते थेट लिंबापाशी जाऊन उभे राहिले. खाली विहीर दिसत होती, तिच्यापासून निघालेला कोरडा दंड दिसत होता. तिथं उभी राहिल्यावर मला पहिल्यांदा ते दिसलं. लिंब उंचवट्यावर होता. विहिरीच्या काठापेक्षाही उंच. दंडाचं पाणी तिथं कोणत्याच जन्मात चढलं नसतं.

"हितं पानी कसं चढवलंस गं?" दादांनी विचारलं.

मी रडायला लागले. तेवढी मी आयुष्यात दोन-तीनदाच रडले असेन. सगळं सांगितलं, ज्वारीचंसुद्धा.

"पत्र वाचलं तवाच कळलं मला," ते म्हणाले. "ह्या लिंबाला पानी गेलं म्हंजी इहिरीत पानी न्हाय. आन् मायनं लिहाया सांगितलेलं तू लिवलं न्हाय."

"मग वर्गनी का धाडली तुमी? पानी नसताना?"

दादा लिंबाच्या बुंध्यावर हात फिरवत होते. "पानी काय, येतं आन् जातं. वार गेला तर कोन परत देनार? तुजा आजा आता न्हाय पुन्हा खंदायला." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन् खोलीत आमी आठजन. बेस्तरवारी अर्ध्या दिसानं सुट्टी व्हायची. मी ते पत्र वाचायचो. समद्यांना मोठ्यानं वाचून दावायचो. चिमन्या बी."

ज्वारीला पैसे का धाडले नाहीत, ते मी विचारलं. उसने मागितले, मिळाले नाहीत, एवढंच म्हणाले.

मग ते विहिरीत उतरले. आमच्या वाट्याच्या आठ घागरी भरून काढल्या. सहा घरी नेल्या, त्या मायनं दारात उभ्याउभ्या मोजल्या. उरलेल्या दोन कावडीला लावून ते चढावरून लिंबापाशी घेऊन आले. अशा दुष्काळात दोन घागरी झाडाला! मायला कळतं तर तिनं दोघांना घरात घेतलं नसतं. त्यांनी दोन्ही घागरी बुंध्याशी ओतल्या. पाणी क्षणभर थांबलं, त्यात लिंबाची सावली हलली, आणि मातीनं ते पिऊन टाकलं. चिमण्या काही आल्या नाहीत.

"झालं," दादा म्हणाले. "आता तुजं पत्र खोटं न्हाय. फुडलं खरं लिही."

पावसाआधी ते परत गेले. मी पुढचं पत्र लिहायला बसले. सविनय जयभीम लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, विहीर पुन्हा आटली आहे, या बेस्तरवारी एकही घागर मिळाली नाही. मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, धाड.

संक्रांतीला ड्राफ्ट आला. पाडव्याची वर्गणी, आणि सोबत ज्वारीचे पैसे. पत्रात तोच प्रश्न होता: बेस्तरवारी पाणी कुठवर गेलं?