वायर जळाली, एवढंच

आमच्या आत्यासारखी हट्टी बाई आणि आत्याच्या गाडीसारखी हट्टी गाडी आख्ख्या मुखेड तालुक्यात दुसरी सापडायची नाही. गाडी मुळात आत्याच्या यजमानांची. ते गेल्यावर दिरांनी ती विकायचं ठरवलं, गिऱ्हाईकही घरी आणलं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केलेल्या आत्यानं गिऱ्हाइकाला चहा पाजला, किल्ली कमरेला खोचली आणि दुसऱ्या दिवसापासून बाजाराच्या मैदानात गाडी शिकायला लागली. पन्नाशी उलटली होती. "ह्या वयात कशाला बाई?" असं शिकवणाऱ्यानं विचारलं, तर म्हणाली, "ह्या वयात सुई टोचताना हात कापत न्हाई, स्टेअरिंग धरताना कशाला कापंल?"

गाडीचं वायरिंग हा वेगळाच प्रकार होता. डावा इंडिकेटर दिला की वायपर सुरू व्हायचा. भर उन्हात कोरड्या काचेवर वायपर खरडायला लागला की बाजारातले लोक आपापल्या टोपल्या उचलायचे, "बाई डावीकडं वळून राहिल्या" म्हणत. पाठीमागचा दिवा ब्रेक सोडल्यावर लागायचा. कुणी म्हणालं, विकून टाका आता, की आत्या विचारायची, "तुमचा गुडघा दुखतो, तुम्हाला विकलं का घरच्यांनी?"

माझ्या बहिणीचं लग्न शिरूर अनंतपाळला, मुलाकडे होतं. नवरी आपल्याच गाडीतून जाणार, हे आत्यानं परस्पर जाहीर केलं. नवरीला न्यायला नवरदेवाचे चुलते आले होते. गाडी चालवणारी बाई पाहून ते गप्प झाले, आणि ती विधवा आहे हे कळल्यावर बोलायला लागले. "शुभकार्य हाय. तेवढा ड्रायव्हर दुसरा बघितला असता तर..."

"दुसरा ड्रायव्हर बघा की," आत्या सीटवर बसत म्हणाली, "पण ही गाडी त्याचं ऐकणार न्हाई." चुलते शेजारी बसले. मागे मी आणि बहीण.

उदगीर ओलांडलं आणि गाडीतून जळका वास आला. इंजिनानं दोन आचके दिले आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. मे महिन्याचं ऊन, मुहूर्त दुपारचा, मागची वऱ्हाडाची बस पुढे निघून गेलेली. चुलत्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणलं नव्हतं का मी? असल्या गोष्टी उगाच सांगत न्हाईत जुनी माणसं." आणि दुसरी गाडी मागवायला त्यांनी फोन काढला.

आत्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एरवी लगेच उत्तर देणारी ती बाई नुसती किल्ली पुन्हा पुन्हा फिरवत होती. दुसरी गाडी आली असती, तर नवरी तिच्यात बसून गेली असती, आणि आत्या मागे राहिली असती. पुढे जन्मभर हीच गोष्ट सांगितली गेली असती.

मागून माझी बहीण बोलली. मुंडावळ्या सरळ करत, अगदी शांतपणे. "काका, फोन ठेवा. मी ह्याच गाडीत येणार. मुहूर्त टळला तरी."

आत्या झटकन खाली उतरली. बॉनेट उघडून वाकली आणि आतूनच ओरडली, "वायर घासून जळालीय. वायर! नशीब न्हाई!" मग पर्समधून जखमेला लावायची चिकटपट्टी आणि कात्री काढली. उघडी पडलेली वायर तिनं अशी गुंडाळली, जणू एखाद्याचं बोट कापलंय. कात्री चुलत्यांच्या हातात दिली. "कापा इथं. हाव, इथंच." ते निमूट कापत होते. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज उडाला होता. तिनं एसीचा काढून तिथं बसवला.

"आत्या, एसी बंद?" बहीण कळवळली. "माझा मेकप!"

"मेकप वितळू दे. मुहूर्त वितळला तर बघ."

गाडी सुरू झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा मंगलाष्टकांसाठी माईक लावणं चाललं होतं. नवरी घामानं निथळत होती, काजळ गालावर आलं होतं, आणि इतकी खुशीत होती की सासूबाईंनी आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं. आत्या सवयीनं मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिली. बहिणीनं तिचा हात धरून तिला पुढे ओढलं, आणि कुणी अडवलं नाही. चुलते तर पंगतीत सगळ्यांना सांगत होते, "लई मोठा फॉल्ट होता. आम्ही दोघांनी जागेवर काढला."

यंदा आत्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगायच्या आधी तिनंच गाडी चालवणं सोडलं. "जिद्द आपल्या जिवाशी करावी," म्हणाली, "रस्त्यावरच्या लोकांच्या न्हाई." गाडी विकायचा विषय मात्र अजून कुणी काढत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी मी जातो आणि अंगणातच थोडा वेळ इंजिन चालवतो. आवाज ऐकून आत्या भिंत चाचपत बाहेर येते आणि बॉनेटवर तळवा ठेवून उभी राहते. मी बंद करायला किल्लीला हात लावला की म्हणते, "ऱ्हाऊ दे रे. जरासं चालू ऱ्हाऊ दे."