देवासला सेफ देणारा उज्जैनचा माणूस

टीम तुमची, तिची पिचर तुमची मुलगी, आणि तुमच्या तोंडून निघणाऱ्या एका शब्दानं दोघींचाही सीझन संपणार, तर तो शब्द तुम्ही उच्चारला असता का? घाई करू नका. "हो, त्यात काय" असं पटकन म्हणणारी बरीच माणसं मला ठाऊक आहेत. ती सगळी सध्या सुहास पोतनीसशी बोलत नाहीत.

सुहास हा उज्जैनच्या फ्रीगंजातला चष्मेवाला. टावर चौकातून आत वळलं की त्याचं दुकान, समोर एक लाकडी बाक. पूर्वज शिंद्यांच्या दरबारी खजिन्यावर होते असं घरात सांगतात. खजिना कुठे गेला ते कोणी सांगत नाही. सुहासनंही विचारलं नाही. तो काचा घासतो, फ्रेमचे स्क्रू आवळतो आणि रविवारी बेसबॉलचा अंपायर असतो. चष्मेवाला आणि अंपायर एकाच माणसात आल्यामुळे गावाला विनोदासाठी वेगळी मेहनत पडत नाही. "भिया, पहले अपना नंबर चेक करा लो," असं कोणी ओरडलं की तो मान वर न करता म्हणतो, "करा लिया. आपका कब कर दूँ?"

उज्जैनात बेसबॉल खेळते म्हटलं की लोक आधी विचारतात, "क्रिकेटमध्ये नंबर नाही लागला का?" तरी आमच्याकडे मुलींची लीग आहे. मालवा बेसबॉल लीग, सहा गावांच्या सहा टीम. पहिल्या चार पुढे जातात, त्याला सगळे प्लेऑफ म्हणतात. राज्याच्या संघाची निवड करणारे साहेब लोक फक्त प्लेऑफला येतात. त्याआधी उन्हात बसायला त्यांना फुरसत नसते. यंदा आमच्या टीमनं अर्धा सीझन फक्त हरण्याची प्रॅक्टिस केली. मग ईराचा दुखरा खांदा बरा झाला, ती परत बॉल टाकायला लागली आणि टीम जिंकायला लागली. पण तोपर्यंत थंडी उतरली होती आणि सामने संपत आले होते. ही ईरा सुहासची मुलगी. पुढच्या वर्षी ती वयाच्या मर्यादेबाहेर जाणार. राज्याच्या संघात जायचं तर तिला हा एकच प्लेऑफ उरला होता.

आमचे सगळे सामने झाले तेव्हा आम्ही पाचव्या नंबरवर आणि देवास चौथ्या. देवासचा एक सामना बाकी, तो इंदूरशी. देवास हरलं तर त्यांचे-आमचे विजय सारखे, आणि आम्ही देवासला हरवलेलं असल्यामुळे आम्ही पुढे. देवास जिंकलं तर आम्ही घरी. हिशेब एवढाच, पण सुहासच्या दुकानासमोर तो आठवडाभर चालला.

"मतलब आता इंदूरसाठी टाळ्या वाजवायच्या?" दिलीपकाका म्हणाले. दिलीपकाका सरवटे हे बँकेतून रिटायर झाले आणि तेव्हापासून टीमचा एकही सामना त्यांनी सोडलेला नाही.

"वाजवायच्याच," केतकी म्हणाली. केतकी पागे आमच्या शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या पोरीची, आई. शाळेत गणित शिकवते, म्हणून बाकावरच्या सगळ्या आशा तिच्याकडून तपासून घेतात.

"मी आयुष्यात इंदूरच्या शेवेचंसुद्धा कौतुक केलेलं नाही."

"मग मनातल्या मनात वाजवा."

"आणि महाकालाला काय सांगू? इंदूर जिंकू दे? तो विचारेल, दिलीप, तब्येत तर बरी आहे ना?"

"देवास हरू दे म्हणा. गोष्ट तीच."

काकांनी विचार केला. "तीच नाही. पण चालेल."

"इंदूर आधीच पुढे पोचलंय," मी म्हटलं. "शेवटच्या सामन्यात ते नव्या पोरींना उतरवतील. जीव कशाला तोडतील?"

"मुक्ता, तू मोर्च्यात शोभतेस," काका मला म्हणाले. "इथे जरा चांगलं बोलत जा."

सुहास आत कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होता. काकांनी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं रे?"

"मला वाटून काय होणार, काका? खेळणार त्या मुली."

"बघा. आणि म्हणे हा बाप आहे."

शुक्रवारी लीगचा सेक्रेटरी श्रीकांत दुकानात आला. इंदूरचा अंपायर देवासला चालणार नव्हता, देवासचा इंदूरला. रतलामचा एक जण तयार होता, पण त्याच्या साल्याचं लग्न निघालं. उरलेल्या दोन गावांचे अंपायर त्या रविवारी मोकळे नव्हते. म्हणून समितीनं बसून मार्ग काढला होता.

"मैदान पण न्यूट्रल घ्यायचं आणि अंपायर पण न्यूट्रल," श्रीकांत म्हणाला. "दोन्ही उज्जैनचे."

मी बाकावरच होते. म्हटलं, "श्रीकांत, देवास हरलं तर पुढे कोण जातं?"

"ताई, तो टेबलाचा विषय आहे. मैदानात तर उज्जैन नाहीये ना."

अशा डोक्याची माणसं पदावर कशी पोचतात, हे मी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर बसून पुष्कळ वर्षं बघते आहे, तरी दर वेळी नव्यानं संताप येतो. सुहासला संताप येत नाही. त्यानं शांतपणे सांगितलं, "माझी मुलगी उज्जैनची पिचर आहे."

"माहितीये ना. म्हणूनच तर तुमच्यावर विश्वास."

या वाक्याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. सुहास म्हणाला, दुसरा कोणी बघा. श्रीकांत म्हणाला, दुसरा कोणी नाही, अंपायर मिळाला नाही तर सामना रद्द करून गुण अर्धे-अर्धे वाटावे लागतील. माझ्या शेजारी बसलेल्या केतकीनं तिथल्या तिथे सांगितलं की अर्धे गुण मिळाले तरी देवास पुढे जातं. म्हणजे सुहास "नाही" म्हणाला तर उज्जैन त्याच क्षणी बाहेर. त्यानं हातातली काच फडक्यानं पुसली, खाली ठेवली आणि म्हणाला, "येतो."

संध्याकाळी बाकावर फार समाधान होतं. "आपला माणूस प्लेटच्या मागे उभा राहणार," काका म्हणाले. "महाकालानं ऐकलं म्हणायचं." कोणीही काही वाईट बोललं नाही. कोणी बेईमानीचं नाव काढलं नाही. फक्त सुहास बाहेर आला की त्याला बाकावर मधली जागा मिळायला लागली आणि त्याच्या चहात आलं जास्त पडायला लागलं.

रविवारी देवासच्या पोरी बसनं देवास गेटच्या स्टँडवर उतरल्या आणि ऑटोत कोंबून मैदानावर आल्या. त्यांच्याबरोबर त्यांचे आईबाप धरून मूठभर माणसं होती. आमच्या बाजूला मात्र मेळा भरला होता. आमचा झेंडा म्हणजे भैरवगढ़च्या छापाची एक लाल चादर. ती उज्जैनची, इंदूरसाठी फडकवायची कशी, असा प्रश्न आला. शेवटी काका तिची घडी घालून तिच्यावर बसले.

इंदूरची पहिली धाव झाली तेव्हा आमची माणसं "इंदूर, इंदूर" ओरडली, पण आधी इकडेतिकडे बघून, जशी सासुरवाडीत दुसऱ्यांदा श्रीखंड मागतात तशी. इंदूरच्या पोरी आमच्याकडे संशयानं बघायला लागल्या. एकीनं विचारलंही, "आंटी, आप लोग कहाँ के हो?" केतकी म्हणाली, "यहीं के. खेलो बेटा."

ईरा आमच्यात बसली नाही. ती जाळीपाशी एकटी उभी होती.

शेवटच्या डावात दोन्हीकडे धावा सारख्या झाल्या. देवासची बॅटिंग, त्यांची एक पोरगी तिसऱ्या बेसवर. ती घरच्या प्लेटला पोचली की देवास जिंकलं, सामना तिथेच खतम. पुढच्या पोरीनं बॅट घातली आणि बॉल जेमतेम प्लेटसमोर घरंगळला. इंदूरच्या कॅचरनं तो उजव्या हातानं उचलला, पहिल्या बेसकडे फेकायला हात मागे नेला, तेवढ्यात तिसऱ्या बेसवरची पोरगी अंगावर आली. कॅचर गर्रकन वळली आणि डाव्या हातातल्या ग्लव्हनं तिला थडकन शिवली. धुळीचा असा लोट उठला की मला तर दोघींपैकी कोणाचे पाय कुठले तेही कळेना. आमची सगळी माणसं उभी राहिली. काका "आउट" म्हणूनही मोकळे झाले.

नियम असा आहे की ज्या हातात बॉल असेल त्याच हातानं शिवावं लागतं. रिकामा ग्लव्ह कितीही जोरात मारला तरी त्याला अर्थ नाही, पळणारी सेफ, म्हणजे नाबाद.

सुहासनं दोन्ही हात बाजूला पसरले. "सेफ."

देवासच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. इंदूरचा कोच प्लेटपाशी थोडा वेळ भांडला, मग त्याला आठवलं की आपण आधीच पुढे गेलोय, तेव्हा पाण्याची बाटली घेऊन निघून गेला. भांडण आमच्याकडे सुरू झालं.

"धुळीत कोणाला काय दिसलं?" काका सुहासच्या वाटेत उभे राहून म्हणाले.

"मला दिसलं, काका. बॉल उजव्या हातात होता."

"शक होता तर तो आपल्याकडे द्यायचा ना रे."

"शक नव्हता."

"मग करायचा थोडा."

सुहासनं तोंडावरची जाळी काखेत मारली आणि तो त्यांच्या बाजूनं निघून गेला.

कोणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्याच दिवशी घरोघर फिरला. त्यात धूळ आहे आणि सुहासची पाठ आहे. तेवढ्यावर निम्म्या फ्रीगंजाला ग्लव्हमध्ये बॉल दिसतो. केतकीनं तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला आणि म्हणाली, "यातून काहीच सिद्ध होत नाही." बाकावर तिचं गणित पहिल्यांदाच कोणी ऐकून घेतलं नाही.

बाक आता रिकामा असतो. माणसं चष्मे दुरुस्तीला दुसरीकडे नेतात, आणि तिथून आल्यावर नाकावर नीट बसत नाही अशी तक्रार करतात, पण परत येत नाहीत.

मी गेले तेव्हा ईरा काउंटरवर होती, सुहास आत. तिनं बापाला एकदाच विचारलं होतं, सामन्याच्या संध्याकाळी, जेवायला बसल्यावर. मीरावहिनीनं, म्हणजे तिच्या आईनं, मला सांगितलं.

"बॉल कुठल्या हातात होता?"

"उजव्या."

"आणि शिवली कुठल्या?"

"डाव्या."

"मग सेफच," ईरा म्हणाली, आणि ताट तसंच ठेवून उठली. त्यानंतर बरेच दिवस ती बापाशी कामापुरतं बोलत होती. स्क्रूची पुडी कुठे ठेवली, गिऱ्हाईक आलंय, एवढंच. सुहासनंही तिला समजवायला जाऊन ते आणखी बिघडवलं नाही. राज्याच्या निवडीला देवासच्या दोन पोरी गेल्या. त्यातली एक प्लेटवर धूळ खात पोचलेली.

आता दिलीपकाकांनी प्रस्ताव आणलाय: पुढच्या सीझनपासून सुहास पोतनीस अंपायर नको. कारण दिलंय, नजर कमजोर. मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. म्हटलं, काका, तुमच्या नाकावरचा चष्मा कोणाच्या हातचा? म्हणाले, तो वेगळा विषय आहे. म्हटलं, त्यानं खोटं आउट दिलं असतं तर त्याची नजर तुम्हाला गरुडाची वाटली असती. काकू चहा घेऊन आल्या, तो मी घेतला नाही. ईरासाठीच करतोय म्हणाले. ईराला विचारलंत का, म्हटलं. विचारलं नव्हतं.

या लीगमध्ये सहा अंपायर आहेत. त्यातल्या पाच जणांच्या आपापल्या गावाची टीम खेळत असली की अर्ध्या इंचाचा फायदा कुणाला मिळणार ते मैदानावरची भजी तळणारी बाईसुद्धा सांगते. सहावा सुहास आहे, आणि त्याला आपण काढायला निघालोय.

येत्या रविवारी सकाळी मैदानावर बैठक आहे. लीगचा सामना बघितलेल्या कोणालाही तिथे मत देता येतं, श्रीकांत डोकी मोजणार. काकांच्या बाजूनं भरपूर माणसं येतील. सुहास येणार नाही, दुकान आहे म्हणतो. ईरा येणार आहे. परवा तिनं मला थांबवून विचारलं, "मावशी, मी त्याची मुलगी आहे म्हणून माझं मत धरणार नाहीत का?" मी म्हटलं, तू ये, मोजणाऱ्याला मी बघते.

पण दोन डोक्यांनी काही होणार नाही. तुम्ही यंदा एकदा जरी त्या मैदानाच्या कडेला उभे राहिला असाल, अगदी भजी खायला का होईना, तर रविवारी या. सुहास राहावा असं कोणाला वाटतं, असं विचारतील तेव्हा हात वर करा, आणि श्रीकांतचं मोजून होईपर्यंत खाली घेऊ नका.