टाकीवरचा गेरू

भानुदासकाका नसते तर मी आज बंगळूरच्या या गॅरेजमध्ये नसतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण एकदा गाडीच्या गोष्टी निघाल्या की माणूस मागं राहतो.

त्या दिवशी भर उन्हात काकांच्या पत्र्याच्या शेडसमोर आमचा टेम्पो उभा होता. आमचे मालक प्रकाश सर कमरेवर हात ठेवून आतल्या मोपेडकडं बघत होते. मोपेड टाकीपासून मडगार्डपर्यंत लाल होती. विटेसारखी लाल, वर पापुद्रे आलेली. सर माझ्याकडं वळले.

"तू बोला था, ओरिजिनल पेंट."

बोललो तर होतोच.

आमचं काम काय ते थोडं सांगतो. आम्ही जुन्या, लहान इंजिनाच्या गाड्या शोधतो, चालू करतो आणि शौकीन लोकांना देतो. पन्नास सीसी, साठ सीसी, फार तर शंभर. सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटातली जागा. पन्नास सीसी म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढीच. मोठ्या गाड्या लोकांनी जपल्या. या लहान गाड्यांनी दूध ओढलं, पेंडीची पोती ओढली आणि त्या भंगारात गेल्या. म्हणून आता त्या सापडत नाहीत.

त्यातही रंगाला फार किंमत. इंजिन पुन्हा बांधता येतं, सायलेन्सर बनवून घेता येतो. कंपनीचा रंग मात्र एकदाच लागतो. तो शाबूत असलेल्या गाडीला आमच्या धंद्यात 'सर्व्हायव्हर' म्हणतात. म्हैसूरच्या एका गिऱ्हाइकाला दक्षिणेतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याची मोपेड हवी होती, आणि ती सर्व्हायव्हरच हवी होती. पुन्हा रंगवलेली फुकट दिली तरी नको, म्हणाला.

तसली मोपेड कुठं आहे ते मला ठाऊक होतं. मी तिच्यावर बसलेलो होतो.

केज तालुक्यातल्या आमच्या गावात पूर्वी दूध सोसायटी होती. घरोघर फिरून दूध गोळा करणाऱ्यांना सोसायटीनं या मोपेडी दिलत्या. भानुदासकाका त्यातलेच. आठवीत माझी शाळा सुटली, घरचे ऊसतोडीला गेलते, तेव्हा काकांनीच मला दोन कॅनांच्या मधी बसवलं आणि केजच्या एका गॅरेजवर नेऊन सोडलं. तिथल्या मिस्त्रीला म्हणाले, "पोरगं भित्रं हाय, पन हात चांगला हाय." भित्रा मी अजून आहे. हाताचं सर सांगतील. पुढं दूध आटलं, सोसायटी बंद पडली आणि मोपेड काकांकडंच राहिली.

गिऱ्हाइकाचं कळल्यावर मी बंगळूरहून काकांना फोन लावला. त्यांच्याकडं बटणाचा मोबाईल, फोटो पाठवायची सोय नाही. म्हणून मी नीट विचारलं, तिला कधी रंग दिला होता का. काका म्हणाले, "न्हाई बे. एकदाबी न्हाई." मी पुन्हा विचारलं, थोडासुद्धा कुठं? तर म्हणाले, "चांगला रंग असताना पुन्ना कावून देऊ? कंपनीचाच हाय."

एवढ्या बोलण्यावर मी सरांना एवढ्या लांब घेऊन आलो. मी तेव्हा ट्रायलवर होतो. निघताना सर म्हणाले होते, गाडी तू सांगतोस तशी निघाली तर तू पक्का. नाही निघाली तर तिथंच उतर, तुझं घर जवळ आहे. ते हसत बोलले. मला हसू आलं नाही. गावात टँकर चालू होता, विहिरींनी तळ दाखवला होता. तिथं उतरून मी काय करणार होतो?

आता ती लाल गाडी समोर होती.

"काका, तुमी तर म्हनलात रंग दिला न्हाई."

"न्हाईच दिला."

"मंग हे लाल काय?"

परक्या माणसाकडं बघावं तसं काकांनी माझ्याकडं बघितलं. "आरं येड्या, हा रंग हाय का? गेरू हाय. पोळ्याचा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मी गाव सोडल्यावर एका दुष्काळात चारा संपला आणि त्यांना बैलजोडी विकावी लागली. दावणीला बैल उरला नाही. सोसायटीचे रिकामे कॅन मोपेडला बांधून ते लांबून पाणी आणायचे, घराला आणि उरलेल्या एका म्हशीला. श्रावणाच्या अवसेला पोळा आला. गावात होते नव्हते ते बैल सजले. काकांनी विचार केला, यंदा आपल्या घरात राबलं कोण? त्यांनी मोपेड धुतली, तिला गेरू लावला, हँडलला गोंडे बांधले आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. पुन्हा बैल घेणं झालं नाही. मोपेडचा पोळा चालू राहिला. नुसता पाण्यातला गेरू कॅनमधल्या हिंदकळणाऱ्या पाण्यानं धुऊन जायचा, म्हणून ते तो करडीच्या तेलात कालवून लावायचे. दरसाल एक थर.

मी हे सगळं सरांना हिंदीत सांगितलं. सरांना गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. खाली काय आहे ते बघू म्हणाले आणि टूलबॉक्समधून ब्लेड काढलं.

मी त्यांचा हात धरला. मालकाचा हात मी पहिल्यांदाच धरला होता. म्हटलं, सर, ब्लेड नको, थिनरपण नको, दोन्हींनी खालचा रंगही निघेल. गेरू तेलात कालवलेला आहे. कोमट तेलानं भिजवला तर हळूहळू सुटेल. सुटेलच असं नाही. सर घड्याळाकडं बघून म्हणाले, "एक हथेली जितना. फिर निकलेंगे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पुसायचं सगळं ठरलं आणि ज्यांनी गेरू लावला त्यांना कुणी विचारलंच नाही. काका खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"खालचा रंग न्हाई निघाला तर तुला काढतेत का?"

मी टेम्पोकडं बघितलं.

"बोल की."

"काढतील, काका."

ते घरात गेले. येताना पळीत कोमट केलेलं तेल आणि जुन्या धोतराचा तुकडा घेऊन आले. मी हात पुढं केला तर म्हणाले, "तू बाजूला हो. मीच पुसतो." टाकीच्या कडेला, जिथं गुडघा टेकतो तिथं, ते तळहातानं तेल चोळायला लागले. काकू दारात आल्या.

"अवो, काय करायलात?"

"खांदमळणी," काका म्हणाले.

"पोळ्याला अजून लई टाईम हाय की."

"हिची आजच हाय."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या जुवानं घासलेल्या खांद्याला तेल-हळद चोळतात, तिला खांदमळणी म्हणतात. सरांना हे मी सांगितलं नाही.

धोतराचा तुकडा लाल होत गेला. वरचे थर सुटले, खालचे चिकट झाले. मग एका जागी फिकट निळं काहीतरी दिसलं. काकांनी अजून चोळलं. निळ्याच्या कडेनं केसाएवढी सोनेरी रेघ निघाली. ती रेघ कारखान्यात हातानं मारायचे. लहानपणी या गाडीवर बसलो तेव्हा ती ध्यानात आली नव्हती, पुढं फक्त जुन्या माहितीपत्रकात बघितली होती.

सर उकिडवे बसले. गॉगल काढला. बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "पूछो, देंगे क्या?"

काका द्यायला तयार झाले. अट एकच घातली. हेडलाईटच्या टोपीवरचा गेरू काढायचा नाही. "तेवढं कपाळ राहू द्या," म्हणाले.

गिऱ्हाईक रंगाबाबत एवढं काटेकोर, त्याला हे कसं चालणार? मी भीत भीत सांगितलं. सर उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "ठीक है. कपाल रहेगा."

बाकीचा गेरू मी बंगळूरला तशाच तेलानं काढला. घाई केली नाही. टाकी जवळजवळ पूर्ण निळी निघाली, तळाशी थोडा गंज होता तो तसाच ठेवला. गिऱ्हाईक आलं आणि पहिलं बोट हेडलाईटवर ठेवलं. हे लाल काय? मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, राहू दे. त्याच महिन्यात मी पक्का झालो. आता ते गिऱ्हाईक दरवर्षी मला फोन करून विचारतं, यंदा पोळा कधी आहे.

मी एवढंच शिकलो की फोनवर नुसतं रंगाचं विचारायचं नाही. गाडीला काय काय लागलंय ते एकेक नाव घेऊन विचारायचं. गेरू, चुना, शेंदूर, हळद.

काकांच्या शेडमधली ती जागा अजून रिकामी आहे. मी तसल्याच मोपेडचे पार्ट जमवतोय. चेसिस मिळाली. इंजिन मिळालं, पण पिस्टन अडकलेला आहे. टाकी शोधतोय. ती मिळाली की जशी असेल तशी बसवीन, रंग देणार नाही. एखाद्या वर्षी खांदमळणीच्या दिवशी गाडी चालू करून काकांच्या दारात उभी करीन. पुढचं काका बघतील.